मेसच्या काकांचा फोटो आणि जेपीजी

मागच्या वर्षी आमच्या मेसचे काका गेले. काही दिवसांनी त्यांचा मुलगा होस्टेलवर आला. "दादा, बाबाचा एखादा चांगला फोटो असन तर द्या ना, मोठा करून लावाचा आहे." माणिकगडच्या सहलीत डबे घेऊन आलेल्या काकांचा फोटो मीच काढला होता. फाइल सापडली, पण मोठी करून बघतो तर काय, चेहऱ्यावर नुसते चौकोन! चूक माझीच होती. ती काय, ते सांगतो.

4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे 3 बाइट धरले तर साधारण 36 एमबी. बीएमपी फाइल बहुधा एवढीच जाडजूड असते. जेपीजी तोच फोटो तीन-चार एमबीत बसवतं. कसं? चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे फेकून देतं. रंगातला बारीक फरक आपल्याला उजेडातल्या फरकाइतका कळत नाही, त्याचाही फायदा घेतं. यामागचं गणित, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसोबत 1974 मध्ये मांडलं. (पेपरात पाठ करताना हे कोणी सांगत नाही!)

पण फेकलेलं परत येत नाही. फाइल नुसती उघडून बघितल्यानं काही बिघडत नाही. बदल करून सेव्ह केली की पुन्हा काटछाट होते. मी आधी कडा कापल्या, सेव्ह. उजेड वाढवला, सेव्ह. मग मेलवर लवकर जावा म्हणून 640 बाय 480 केला आणि तोही मूळ फाइलवरच सेव्ह! खरा घात तिथंच झाला. नंतर पीएनजी करून पाहिलं. उपयोग शून्य. 1996 चं पीएनजी स्वतः काही फेकत नाही, पण गेलेलं आणणार कुठून? सर्किटच्या आकृत्या, ग्राफ, स्क्रीनशॉट यांना मात्र तेच वापरा, रेषा स्वच्छ राहतात. 1987 च्या जीआयएफमध्ये एका चित्रात 256 च रंग, ते हलत्या चित्रांपुरतं ठीक.

आणि हो, परीक्षेचा फॉर्म भरताना फाइलच्या नावातलं पीएनजी खोडून जेपीजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही. पेंटमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करा.

आता मूळ फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतो. काकांच्या मुलाला शेवटी पोस्टकार्डाएवढी प्रिंट दिली. त्याहून मोठी केली की काकांचे डोळे ओळखू येत नव्हते.