मॉडिफायर : निसटत्या अणूंना धरून ठेवणारे रसायन

लहान मुलाच्या रक्तातले शिसे ग्राफाइट भट्टीच्या अणुशोषण यंत्रावर मोजताना नमुन्यात मुद्दाम एक रसायन घालतात. बहुतेकदा ते अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट असते, कधी पॅलेडियमचा क्षार. प्रयोगशाळेत त्याला मॉडिफायर म्हणतात. अत्यल्प धातू मोजायचा आणि नमुन्यात बाहेरचे रसायनही घालायचे, हे ऐकून मनात शंका येणे स्वाभाविक आहे. पण ती तपासून पाहिली की मॉडिफायरचे खरे काम कळते.

गैरसमज : मॉडिफायर म्हणजे भेसळ, त्याने आकडा फुगतो.

वस्तुस्थिती : रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तर ते कुठून आले हे शोधून उपाय करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शिका सांगते. असे रक्त दहापट पातळ करून त्यातले २० मायक्रोलिटर भट्टीच्या ग्राफाइट नळीत सोडले, तर भट्टीत पोचणारे शिसे भरते जेमतेम ०.१ नॅनोग्रॅम. भट्टी आधी हा थेंब वाळवते, मग प्रथिने जाळते आणि शेवटी तापमान एकदम चढवून धातूचे अणू मोकळे करते. मोजणी होते ती या शेवटच्या काही सेकंदांत. प्रथिने नीट जळायची तर आच मोठी हवी. पण मॉडिफायर नसेल तर साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे शिसेही धुराबरोबर निघून जाऊ लागते, आणि क्लोराइड असेल तर त्याहूनही आधी. फॉस्फेटमुळे शिसे उष्णता सोसणाऱ्या संयुगात बांधले जाते आणि ८०० अंशांच्या आसपासही नळीत टिकते. म्हणजे वाढलेला दिसणारा आकडा प्रत्यक्षात वाचलेल्या शिशाचा असतो. यावर कोणी विचारेल, तो खरा कशावरून? त्यासाठी प्रमाणित संदर्भ नमुना मोजतात, नमुन्यात माहीत असलेले शिसे घालून ते पुरते परत मिळते का पाहतात, आणि नुसत्या मॉडिफायरचा ब्लँकही, म्हणजे नमुन्याशिवायची मोजणीही, चालवतात. फॉस्फेटमध्येच शिशाचा अंश असेल तर तो तिथे उघडा पडतो.

गैरसमज : यंत्रात पार्श्वभूमी दुरुस्ती असली की मॉडिफायर लागत नाही.

वस्तुस्थिती : झीमन पद्धतीची दुरुस्ती धुराने आणि रेणूंनी अडवलेला प्रकाश वजा करते, आणि ते काम चोख करते. पण मोजणीआधीच उडून गेलेले शिसे तिला परत आणता येत नाही. शिवाय वजाबाकी जितकी लहान, तितका उरलेला आकडा विश्वासार्ह. समुद्राच्या पाण्याचे उदाहरण बोलके आहे. साधे मीठ उकळते १,४०० अंशांच्या वर. रसायनशास्त्रज्ञ एडिगर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की अमोनियम नायट्रेट घातल्यास त्या मिठातून अमोनियम क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट तयार होतात, आणि दोन्ही ४०० अंशांच्या आसपासच भट्टीबाहेर पडू लागतात. कुठे धातूला थोपवायचे, कुठे मिठाला आधी वाटेला लावायचे. दोन्हीकडे हेतू एकच, मोजणीच्या क्षणी धातू शक्य तितका एकटा असावा.

गैरसमज : पॅलेडियम सगळ्याला चालते, आणि जास्त घातले तर अधिक चांगले.

वस्तुस्थिती : श्लेमर आणि वेल्ट्स यांनी १९८६ मध्ये मांडलेले पॅलेडियम आणि मॅग्नेशियम नायट्रेटचे मिश्रण अनेक मूलद्रव्यांना लागू पडते, हे खरे. पण त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या नमुन्यासाठी जाळण्याचे योग्य तापमान शोधून काढण्याचे काम टळत नाही. सेलेनियमला निकेलही उत्तम धरून ठेवते. मात्र त्याच नळीत पुढे निकेल मोजायचे असेल तर ते वापरून चालणार नाही. प्रमाण अति झाले तर ब्लँक चढतो, फॉस्फेटचे रेणू स्वतःच प्रकाश शोषू लागतात आणि शोषणाच्या आलेखातले शिखर उशिरा येऊन पसरते. म्हणूनच शिखराच्या उंचीपेक्षा क्षेत्रफळ मोजणे आणि प्रमाण द्रावणांतही तेवढाच मॉडिफायर घालणे, ही शिस्त हवी.

चुकून जास्त आलेला आकडा फेरतपासणीत सापडण्याची शक्यता असते, कारण तो पाहून कोणीतरी दुसऱ्यांदा मोजतो. चुकून कमी आलेल्या आकड्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. मूल सुरक्षित समजून घरी जाते आणि शिशाचा स्रोत घरातच राहतो. मॉडिफायर नेमकी हीच चूक रोखतो, म्हणून तो मोजून, तपासून आणि न चुकता घातला पाहिजे.