मॉनिटर भंगारात देण्यापूर्वी

आपल्या शाळेत एकच संगणक आहे आणि तोही जुना. त्यात विंडोज नव्याने टाकल्यापासून पडद्यावर अक्षरे फुगलेली, पुसट दिसतात. कोणी म्हणाले, मॉनिटर गेला, द्या भंगारात! पण नवा आणायचा तर पैसे कुठले? म्हणून मी माहिती गोळा केली, ती सांगते.

मॉनिटर स्वतः चित्र काढत नाही. चित्र तयार होते संगणकाच्या पोटातल्या ग्राफिक्स कार्डात. पूर्वी मराठी अक्षरे पडद्यावर आणायलाही वेगळे कार्ड बसवत. आपल्या पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड त्यासाठीच होते. कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. मॉनिटरचाही ड्रायव्हर असतो, पण ती बहुधा मापांची छोटी फाईल असते. खरे काम कार्डाच्या ड्रायव्हरचे.

दुभाष्या नसला की विंडोज कामचलाऊ चित्र दाखवते. ८०० × ६०० म्हणजे ४,८०,००० ठिपके. पडदा १३६६ × ७६८ चा असेल तर त्याला हवेत १०,४९,०८८. कमी ठिपके ताणून पसरले, मग अक्षर फुगणारच की!

आता उपाय पाहू.

१. आधी केबल पाहा. पंधरा पिनांपैकी एखादी वाकली असली, तर मॉनिटरचे माप संगणकाला कळत नाही.

२. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडा. पिवळी खूण आहे का बघा. कार्डाचे नाव, विंडोज कोणती, ३२ बिट की ६४, हे वहीत लिहा.

३. ड्रायव्हर संगणक किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘फुकट ड्रायव्हर’च्या जाहिरातींना भुलू नका, त्यातून व्हायरस येतो.

४. त्याआधी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवा. बिघडलेच तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागे येता येते.

५. शेवटी रिझोल्यूशन मॉनिटरच्या मापाचे करा. पडदा काळा झाला तर घाबरू नका. काही न दाबता थांबा, १५ सेकंदांत पूर्वीचे चित्र परत येते.

पालकांनो, एक ध्यानात ठेवा. विंडोज ७ ची सुरक्षा २०२० मध्ये आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. अशा संगणकावर बँकेचे काम करू नका. टायपिंग आणि चित्रे शिकायला मात्र तो अजून चांगला आहे.

येत्या शनिवारी गुरुजींसमोर आम्ही हे करून पाहणार आहोत. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी वही घेऊन यावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी