विश्लेषण : ‘रूट’लाही अडवणारा पहारेकरी! एसई-लिनक्सचे ‘पॉलिसी मॉड्यूल’ म्हणजे काय?

वेल्हे परिसरातील पाली गावातून राजगडावर जाणारी वाट प्रशस्त आहे. पाली दरवाजात एकामागे एक दोन प्रवेशद्वारे लागतात. ती ओलांडली की माणूस गडावर पोहोचतो. पण बालेकिल्ल्याला पुन्हा वेगळा चढ आणि वेगळा दरवाजा. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असा आतला दरवाजा ‘एसई-लिनक्स’ उभारते. तिथे कोणाला सोडायचे, याचे नियम ‘पॉलिसी मॉड्यूल’मध्ये असतात.

नेहमीच्या परवानग्या का पुरत नाहीत?

लिनक्समध्ये फाइल कोणी वाचायची, हे तिचा मालक ठरवतो. ‘रूट’ला मात्र जवळपास सगळेच मोकळे. त्यामुळे रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम हॅकरच्या हाती लागला, की सगळी यंत्रणाच धोक्यात येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) डिसेंबर २००० मध्ये एसई-लिनक्स सर्वांसाठी खुले केले. २००३ मध्ये ते मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आले. यात प्रत्येक प्रोग्रॅमला आणि फाइलला लेबल असते. नियमात स्पष्ट परवानगी नसेल, तर नकार ठरलेला.

मॉड्यूल कसे तयार होते?

नियम आधी ‘.टीई’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. ‘चेकमॉड्यूल’ ते तपासून कम्पाइल करते, ‘सेमॉड्यूल-पॅकेज’ त्याचे ‘.पीपी’ पॅकेज बांधते आणि ‘सेमॉड्यूल’ ते बसवते. त्या वेळी सर्व मॉड्यूल एकत्र करून नवी पॉलिसी कर्नलमध्ये चढते. संगणक रीस्टार्ट करावा लागत नाही.

चूक कुठे होते?

समजा, वेबसाइटचे फोटो नव्या फोल्डरमध्ये ठेवले आणि सर्व्हरला ते वाचता येईनात. अशा वेळी अनेक जण एसई-लिनक्स ‘परमिसिव्ह’ करतात. मग उल्लंघनाची फक्त नोंद होते, अडवणूक होत नाही. दुसरी पळवाट ‘ऑडिट-टू-अलाऊ’ची. हे साधन नकारांच्या नोंदी वाचून परवानगीचे नियम आपोआप लिहून देते. मात्र तो नकार प्रोग्रॅमच्या खऱ्या गरजेला मिळाला होता की घुसखोराला, हे त्याला कळत नाही. अनेकदा फोल्डरचे लेबलच चुकलेले असते. ते दुरुस्त केले, की नव्या मॉड्यूलची गरजच उरत नाही.

आपल्या मोबाइलशी काय संबंध?

अँड्रॉइड ४.३ मध्ये (२०१३) एसई-लिनक्स फक्त नोंदी ठेवण्यापुरते आले, ५.० पासून (२०१४) ते पूर्णपणे लागू झाले. अँड्रॉइडच्या पॉलिसीत ‘नेव्हरअलाऊ’ नियमही असतात. मोबाइल कंपनीने त्यांच्या विरोधात परवानगी लिहिली, तर पॉलिसी कम्पाइलच होत नाही. म्हणजे ती चूक फोन ग्राहकाच्या हाती येण्याआधीच पकडली जाते.

सर्व्हरवर मॉड्यूल लिहिणाऱ्याला असे कडक कुंपण प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. म्हणून आपोआप तयार झालेला प्रत्येक नियम बसवण्याआधी ओळ न् ओळ वाचायलाच हवा.