खळ्यावरून चालणारं टपाल

गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत शिरोळ; तिथे पाचशे पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. एकाच कोल्हापूर जिल्ह्याच्या दोन टोकांत दहापट फरक!

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात या दोन टोकांच्या शेतकऱ्यांची रडगाणीही निराळी होती. बावडा-भुदरगडाकडे कापणीला आलेलं भात परतीच्या पावसात आडवं व्हायचं आणि लोंबीतच मोड यायचे. पूर्वेकडे शाळूला ओल पुरायची नाही. कणीस धरलंच तर काणी, आणि त्यातून वाचलं त्यावर पाखरांची धाड. म्हणून पोरं दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन बसलेली.

पण दोन्हीकडचं पीक एकाच साली बुडणं तसं विरळा. इथे सोयरीक उपयोगी पडते. लेक लांबच्या मुलखात दिलेली असली, की एका घरचं वाईट साल दुसऱ्या घरच्या कणगीवर निभावतं. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली महाराष्ट्र आणि आंध्रातल्या कोरडवाहू खेड्यांची आकडेवारी तपासून नेमकं हेच दाखवलं: लग्नसंबंध लांबच्या गावांशी असलेल्या घरांचं खाणंपिणं पडत्या सालीही कमी ढासळतं. त्यांची आकडेवारी विसाव्या शतकातली, पण त्यामागची रीत आपल्या खापरपणज्यांच्याही अंगवळणी पडलेली असणार.

आता खरी गंमत. मदत हवी तर आधी बातमी पोचायला हवी. गावात लिहिता-वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मग पैपाहुण्यांना कळायचं कसं?

बाजारच्या दिवशी त्या गावचा कुणी भेटला की त्याच्याजवळ सांगावा द्यायचा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेल्या गर्दीत सासर-माहेरची माणसं एकमेकांना गाठायची. पंचमी-दिवाळीला मुऱ्हाळी लेकीला न्यायला यायचा. तो येताना चार गावांच्या खबरा घेऊन यायचा आणि जाताना चार देऊन जायचा. भाऊ आला नाही, तर त्याची आठवण जात्यावरच्या ओवीत उतरायची. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुढे महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लिहूनच कळवायचं असलं, तर कुलकर्णी मोडीत कागद लिहून द्यायचा. आणि कुणी दगावलं, तर परगावच्या सोयऱ्यांना ती वार्ता पायी जाऊन सांगायची महार वतनदारानं, रात्र असो की पाऊस.

या सगळ्याची किंमत कशात मोजली जायची? धान्यात. मळणी झाली, रास पडली, की खळ्यावर बलुतेदार आपला वाटा न्यायला येत. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते. निरोप नेणाऱ्याचं पोट त्या राशीवर, मुऱ्हाळ्याची शिदोरी तिच्यातली, लग्नं आणि यात्राही सुगी आटोपल्यावरच. म्हणजे गावाचं टपालखातं चालायचं ते खळ्यावर! सुगी साधली तर माणसं हलायची, आणि माणसं हलली तरच बातमी हलायची.

१८७६ साली पाऊस फसला आणि दख्खनवर १८७८ पर्यंत दुष्काळाची छाया राहिली. एवढ्या मोठ्या मुलखात एकदम पिकं गेली, की कुणी कुणाची कणगी पाहायची? त्याबरोबर, बातमीची सर्वांत जास्त निकड असताना ती नेणाऱ्याचाच वाटा खळ्यावरून नाहीसा झालेला.

सुगी आणि बातमीची ही गाठ पहिल्यांदा सैल केली ती एका पैशानं. १ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं: पाव आणा, म्हणजे रुपयाला चौसष्ट कार्डं. जवळच्या गावाला तोच दर आणि पेशावरलाही तोच. पुढच्याच वर्षी मनिऑर्डर सुरू झाली. आता मुंबईच्या गिरणीतून किंवा पलटणीतून भाऊ नुसती खुशालीच नव्हे, मदतही धाडू शकत होता. दुष्काळी भागात धान्य पोचावं या हेतूनं १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १८९१ मध्ये मिरजेहून निघालेला रूळ कोल्हापुरात पोचला. धान्य आणि बातमी आता एकाच गाडीतून येऊ लागली, पण आपल्या गावची रास कशी पडली यावर त्यांचं येणं अवलंबून राहिलं नाही.

कार्ड उघडंच असे, तरी त्यातलं गुपित बहुतेकांपासून सुरक्षित होतं, कारण वाचता येत नव्हतं. ज्याच्या नावे कार्ड आलं त्यालाही ते दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावं लागे.

बातमी अशी पैशाला मिळू लागली, तरी ती पायी पोचवण्याची वंशपरंपरेची सक्ती काही लगेच सुटली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी महार वतनं रद्द केली ती १९१८ साली, पोस्टकार्ड आल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी. निरोपाचा दर सरकारनं एका दिवसात ठरवला होता. निरोप्याला मोकळं करायला एक अख्खी पिढी जावी लागली.