पुण्याबाहेर सायकलवर: घाट आणि नदीकाठ

खडकवासला–पानशेत: स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने खडकवासला धरण जेमतेम १५-१६ किलोमीटर. पुढे रस्ता जलाशयाला बिलगून पानशेतकडे जातो. चढउतार आहेत, पण दम काढणारे नाहीत. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी.

सिंहगड: खरी परीक्षा इथे. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटरचा घाट आणि सुमारे ६०० मीटर चढाई. हलका गिअर पहिल्याच वळणापासून लावा. ताकद वरच्या वळणांसाठी लागते. उतरताना मात्र ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापते, पकड सुटते. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. पावसाळ्यात दरडींची धास्ती असते. रस्ता सुरू आहे ना, याची चौकशी करूनच निघा.

बोपदेव–सासवड: कोंढव्यातून चढायचे, घाटमाथ्यावर कानिफनाथांचा डोंगर पाहायचा, सासवडला कऱ्हा-चांबळीच्या संगमावरच्या संगमेश्वराच्या पायऱ्यांवर टेकायचे. हंगामात वाटेवर पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ मिळते. या तीन वाटांत माझी पसंती हिलाच.

कुठेही जा, उजाडताच निघा. हेल्मेट, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब आणि पंप घ्याच.