चोरावर मोर!

आपल्या पेशीत ७६ अमिनो आम्लांची एक इवलीशी माळ असते. नाव युबिक्विटिन. एखाद्या निकामी प्रथिनाला तिची साखळी चिकटली, की त्याचे दिवस भरले म्हणून समजा. प्रोटिअसोम नावाचे यंत्र त्याचे तुकडे तुकडे करून टाकते. या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही हीच माळ असते आणि तिच्यात व आपल्या माळेत फरक फक्त तीन मण्यांचा! म्हणजे डोंबिवलीच्या बेकरीतला पाव आणि तो चहात बुडवणारा डोंबिवलीकर या बाबतीत जवळपास सख्खे भाऊ.

रोग पसरवणाऱ्या जिवाणूंकडे मात्र ही माळ नसते. तरीही ती चिकटवायची, सोडवायची आणि बिघडवायची हत्यारे त्यांच्याकडे आहेत, आणि तीही एकापेक्षा एक सरस. जीवशास्त्रात याहून सफाईदार चोरी मला माहीत नाही.

थेट गाडी

१९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अमेरिकन लिजन या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथे न्यूमोनियाची साथ आली, आणि पुढे सापडलेल्या जंतूचे बारसे त्याच संघटनेवरून ‘लिजियोनेला’ असे झाले. तो पाण्यात, अमिबाच्या पोटात वाढतो. ठाण्यातले मॉल, रुग्णालये, आयटी पार्क यांच्या गच्च्यांवरचे कूलिंग टॉवर वेळच्या वेळी साफ करायचे, त्याचे एक कारण हा जंतू.

युबिक्विटिन चिकटवायला आपल्या पेशीला एकामागून एक तीन विकरे लागतात. ऐरोलीहून अंधेरीला निघाल्यावर ठाण्याला गाडी बदला, दादरला पुन्हा बदला, तसा तो प्रवास! शिवाय एटीपी हे इंधन जाळावे लागते, ते वेगळेच. लिजियोनेलाच्या साइड-ई घराण्यातले विकर मात्र एकटेच सगळे काम उरकते. त्याला एटीपी लागत नाही, एनएडी नावाचा रेणू पुरतो. २०१६ मध्ये हे उघड झाले तेव्हा पाठ्यपुस्तकातला नियमच मोडला होता.

हे जमते कसे? २०१८ मध्ये या घराण्यातल्या एसडीई-ए विकराची स्फटिकरचना ‘नेचर’मध्ये आली. फ्रँकफुर्टच्या गटाच्या त्या निबंधावर पहिली दोन नावे होती सिसी कलायिल आणि सागर भोगराजू. विकरात कामाच्या दोन खोल्या दिसल्या. एकीत युबिक्विटिनला एक शेपूट जोडले जाते, दुसरीत ते शेपूट छाटून माळ सावजाला डकवली जाते. आणि दोन्ही खोल्यांची तोंडे विरुद्ध दिशांना! माळेला एकीतून बाहेर पडून दुसरीत शिरावे लागते.

या हत्याराला लगामही लिजियोनेलाच घालतो. त्यासाठी त्याच्याकडे साइड-जे नावाचे दुसरे विकर आहे. पण ते जागे व्हायला कॅल्मोड्युलिन हे आपल्या पेशीतले प्रथिन लागते. जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात ते नसल्यामुळे लगाम आवळला जातो तो सावजाच्या घरात शिरल्यावरच.

विदर्भातला ताप, येलमधला गळ

आता महाराष्ट्रात येऊ. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली, माणसे दगावली. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा त्याचा जंतू. गवत-झुडपांतल्या माइट या किड्याची अळी चावली, की तो अंगात शिरतो. चाव्याच्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते. ती डॉक्टरांना जरूर दाखवा, कारण वेळेवर ओळखले तर डॉक्सिसायक्लिनने हा ताप उतरतो. पावसात येऊरला किंवा मलंगगडाच्या वाटेवर जाताना अंगभर कपडे घालाच.

या जंतूकडे युबिक्विटिन सोडवणारे एक विकर आहे. येल विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये त्याची रचना मांडली. विकराच्या एका भागाची युबिक्विटिनवरची पकड अशी घट्ट निघाली, की नेहमीची पकड तिच्यापुढे हजारपटीने ढिली. मग संशोधकांनी तेवढाच भाग वेगळा काढला आणि पेशीच्या रसातून युबिक्विटिन लागलेली प्रथिने पकडायचा गळ म्हणून तो वापरायला घेतला. चोरावर मोर म्हणतात ते हेच!

थेंब उलटा टांगायचा

रचनांची ही चित्रे मिळतात कशी? शुद्ध प्रथिनाचा एक बारीकसा थेंब काचेच्या चकतीवर ठेवतात, चकती उलटी करतात आणि खालच्या खारट द्रावणावर हवाबंद बसवतात. थेंबातले पाणी हळूहळू उडते आणि नशीब असेल तर स्फटिक धरतो. पण हा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा टणक नसतो. त्याचा साधारण निम्मा भाग पाणीच, सुईचा धक्का लागला तरी चुरा. तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून क्ष-किरणांपुढे धरतात आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून एकेका अणूची जागा काढतात.

असे किरण मिळायची सोय भारतातही आहे. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठीची किरणवाट भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहे. त्याहून जवळ, ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरलात तर तिथल्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित ब्राका-१ प्रथिनाच्या रचनेवर काम झाले आहे. हे ब्राका-१ सुद्धा युबिक्विटिन चिकटवणाऱ्यांतलेच.

मोबाइलवर बघा

जगभरातल्या अशा रचना प्रोटीन डेटा बँकेत १९७१ पासून साठवल्या जात आहेत, आणि त्या कुणालाही फुकट बघता येतात. तिथे १यूबीक्यू हा क्रमांक रोमन लिपीत टाका. १९८७ मध्ये एस. विजय-कुमार आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले युबिक्विटिन समोर उभे राहील. बोटाने फिरवा आणि ४२ वा मणी शोधा, तो आर्जिनिन. लिजियोनेला शेपूट जोडतो ते इथेच. मग दोन मणी मागे या. हा ४० वा, ग्लुटामिन. मेलिऑइडोसिस हा रोग करणाऱ्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जंतूचे सीएचबीपी नावाचे विकर इथला नुसता एक अमाइन गट काढून त्या जागी ऑक्सिजन बसवते, आणि तेवढ्याने माळांच्या साखळ्या जुळणेच बंद पडते.