निद्रेपूर्वीचे शवासन

आमच्या धार नगरीच्या भोजराजाने ११ व्या शतकात पतंजलीच्या योगसूत्रांवर ‘राजमार्तण्ड’ ही वृत्ती रचिली. आसन स्थिर व सुखकर असावे, ते प्रयत्न शिथिल केल्याने साधते, असे सूत्रकार म्हणतात. आम्ही मात्र आसनांतही चढाओढ करतो! धार काय, देवास काय, रात्री अंथरुणात चुळबुळ करणाऱ्या धाकट्या भावंडांस दटावण्यापेक्षा आपण शवासन शिकवावे. मुलाने उताणे निजावे. पायाच्या अंगठ्यांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. श्वास नाकाने घ्यावा आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. श्वास कोंडून धरणे लहानांस नकोच. मधेच डोळा लागला, तर हलकेच पांघरूण घालून दिवा मालवावा.